चाळीसपैकी चाळीस

1984 सालच्या ऑगस्टात, लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा मांडव उतरून आठ-दहा दिवस होतात न होतात तोच, चेकोस्लोव्हाकियातल्या ओलोमोउत्स या शहरात आणखी एक स्पर्धा भरली. सोव्हिएत संघाने आणि त्याच्या बहुतेक मित्रदेशांनी त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला होता. ज्या खेळाडूंची वर्षानुवर्षांची तयारी त्यामुळे पाण्यात गेली, त्यांच्या समाधानासाठी ठिकठिकाणी ‘मैत्री क्रीडास्पर्धा’ घेतल्या गेल्या. त्यांतलं जिम्नॅस्टिक्स ओलोमोउत्सच्या वाट्याला आलं. तिथे ओल्गा मोस्तेपानोव्हा नावाच्या मॉस्कोच्या मुलीने वैयक्तिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर दहा, बार्सवर दहा, बीमवर दहा आणि फ्लोअरवर दहा गुण मिळवले. चाळीसपैकी चाळीस.

हे किती अवघड, ते जरा बघू. त्या काळच्या पद्धतीत पंच आपापले गुण द्यायचे, त्यांतले सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे बाजूला ठेवून मधल्यांची सरासरी काढली जायची. म्हणजे एखाद्या पंचाने खूश होऊन दहा दिले एवढ्याने भागत नसे; बहुतेकांना एकाच वेळी कुठलीही खोट सापडता कामा नये. नादिया कोमानेचीने 1976 साली मॉन्ट्रियलमध्ये सात वेळा दहा गुण मिळवले, पण ते सगळे बार्स आणि बीम या दोन साधनांवर. व्हॉल्ट आणि फ्लोअर तिला तिथे पुरते वश झाले नव्हते. मोस्तेपानोव्हाने चारही साधनं एकाच फेरीत जिंकली. ओलोमोउत्सचे पंच बहुतेक घरचेच होते, त्यांचा हात सैल होता, असं कुणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरंही असेल. पण त्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्येही हात काही फारसा आखडता नव्हता.

तिकडे लॉस एंजेलिसमध्ये मेरी लू रेटन ही अमेरिकन मुलगी बहिष्कार न पाळणाऱ्या रुमानियाच्या एकातेरिना साबोला पाच शतांश गुणांनी मागे टाकून जिंकली होती. ती अमेरिकेत घराघरात पोहोचली; न्याहारीच्या पोह्यांच्या खोक्यावर तिचा फोटो आला. तिचं कौशल्य खोटं नव्हतं. पण आदल्या वर्षी, 1983 च्या बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत, पहिली आलेली नताल्या युर्चेन्को आणि दुसरी आलेली मोस्तेपानोव्हा या दोघीही त्या मैदानात नव्हत्या. त्या स्पर्धेतली तिसरी, साबो, तेवढी होती. आज रेटनचं नाव कुठल्याही क्रीडाकोशात सापडतं. मोस्तेपानोव्हाचं नाव माहीत असणारे म्हणजे जुन्या चित्रफिती धुंडाळणारे काही वेडे लोक.

अशा खेळाडूंबद्दल बोलताना आपण सर्रास ‘पुढे तिचं काही झालं नाही’ असं म्हणून मोकळे होतो. त्या वाक्यात एक आरोप दडलेला असतो: गुण होते पण चिकाटी नव्हती, नाही तर नशीब नव्हतं. मला या वाक्याचीच नीट उलटतपासणी करावीशी वाटते. कारण जिम्नॅस्टिक्समध्ये विसरल्या गेलेल्यांची यादी काढली, तर त्यांत कमी पडलेल्या मुली फार थोड्या निघतात. पुष्कळ जणी सर्वोच्च जागी पोहोचलेल्या होत्या, फक्त चुकीच्या वर्षी.

यादी काढूनच बघू. 1978 ची जगज्जेती एलेना मुखिना. 1981 ची ओल्गा बिचेरोव्हा. 1983 ची युर्चेन्को. 1985 ला विजेतेपद विभागून मिळालं, त्यांतली एक ओक्साना ओमेल्यानचिक. अवघ्या सात वर्षांतल्या या चार सोव्हिएत जगज्जेत्या, आणि चौघींपैकी एकीलाही ऑलिम्पिकच्या मैदानावर कधी पाऊल ठेवता आलं नाही. हे वाक्य लिहिताना मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं, कारण ते खरं वाटत नाही. क्रिकेटमध्ये असं होऊच शकत नाही. तिथे चांगल्या खेळाडूला दहा-पंधरा वर्षं मिळतात. एक विश्वचषक हुकला तर दुसरा, तो हुकला तर तिसरा. इथे शिखरावरचा मुक्काम त्या काळी दोन वर्षांचा, फार तर तीन. आणि जगाचं लक्ष या खेळाकडे जायचं चार वर्षांतून एकदा, पंधरा दिवसांसाठी. 1979 पासून जागतिक स्पर्धा विषम वर्षी व्हायच्या, ऑलिम्पिक सम वर्षी. 1981 किंवा 1983 साली जी सर्वोत्तम होती, ती 1984 पर्यंत सर्वोत्तम राहिली तरी क्रेमलिनने काय ठरवलं आहे, हा प्रश्न उरायचाच.

म्हणजे दोन पंचांगं झाली. एक अंगाचं, एक ऑलिम्पिकचं. दोन्हींतला मुहूर्त जुळला की आपण तिला महान म्हणतो. नाही जुळला की ती ‘आशादायक’ राहते.

मोस्तेपानोव्हाच्या बाबतीत तर मुहूर्त दोनदा चुकला. 1985 साली मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत ती सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर वैयक्तिक अंतिम फेरीसाठी पात्र ठरली होती, वर गुणांच्या हिशेबात पदकाच्या शर्यतीतही होती. सोव्हिएत संघाच्या व्यवस्थापनाने ऐन वेळी तिला आणि इरिना बाराक्सानोव्हाला काढलं, आणि त्यांच्या जागी ओमेल्यानचिक आणि एलेना शुशुनोव्हा यांना उतरवलं. एका देशाच्या तिघींनाच अंतिम फेरीत जागा, असा नियम होता, आणि सोव्हिएत संघात जगज्जेती होऊ शकतील अशा सहाजणी एकाच वेळी तयार असत. बदली म्हणून आलेल्या त्या दोघींनी सुवर्णपदक वाटून घेतलं. व्यवस्थापनाचा निर्णय निकालाने ‘बरोबर’ ठरला, आणि मोस्तेपानोव्हाने लवकरच खेळ सोडला. पुढची गोष्ट अशी, की त्या दोघींपैकी शुशुनोव्हा 1988 ला सोलमध्ये ऑलिम्पिक विजेती झाली, आणि ओमेल्यानचिक त्याच संघात राखीव. तीन वर्षांपूर्वी दोघींचे गुण शतांशापर्यंत सारखे होते.

इथपर्यंत आलं की वाटतं, हा सगळा शरीराचा दोष. मुलगी वाढते, अंग बदलतं, खेळ संपतो. निसर्गापुढे कुणाचं चालतं? ही समजूत त्या काळी प्रशिक्षकांची होती, पत्रकारांची होती आणि पालकांचीही होती. तिच्यात तथ्य नाही असं नाही. लहान, हलकं शरीर हवेत लवकर फिरतं, म्हणून दुहेरी कोलांटीत एक जादा गिरकी घालायला चिमुकली मुलगी बरी. सत्तरच्या दशकात असमान बार्स इतके जवळ असत की वरच्या दांडीला लटकून झोका घेताना मुलीची कंबर खालच्या दांडीवर आपटायची आणि शरीर त्या दांडीभोवती गुंडाळलं जायचं. त्या आपटण्याच्या जोरावरच पुढची हालचाल निघे. आता विचार करा, सहा महिन्यांत मुलगी चार-पाच सेंटिमीटर वाढली, तर कंबर नेमकी कुठे आदळेल? वर्षभर घोटलेली लय एका हिवाळ्यात निकामी. अमेरिकेत क्रिस्टी फिलिप्सचं असंच झालं. 1986 मध्ये एका मोठ्या साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर ‘नवी मेरी लू’ म्हणून झळकवलं, 1987 मध्ये ती राष्ट्रीय विजेती झाली, आणि 1988 मध्ये संघात तिला जागा मिळाली ती दुसऱ्या राखीव खेळाडूची. मधल्या काळात ती वाढली होती, इतकंच. रुमानियाची ऑरेलिया डोब्रे 1987 साली रॉटरडॅममध्ये पाच वेळा दहा गुण घेऊन जगज्जेती झाली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वर्षभरात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सोलमध्ये ती सहावी आली. रुमानियाने तोवर दानिएला सिलिवाशवर भिस्त ठेवलेली होती.

तर शरीराचं पंचांग खरंच असतं. पण ते लिहिलं कुणी?

मागे जाऊन बघितलं की चित्र वेगळंच दिसतं. 1952 साली हेलसिंकीत महिलांची वैयक्तिक विजेती ठरली ती मारिया गोरोखोव्हस्काया, वय वर्षं तीस. लारिसा लातिनिना 1956 ला एकवीस वर्षांची होती आणि 1960 ला पंचवीस, दोन्ही वेळा विजेती. चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्स्का 1964 आणि 1968 अशी दोनदा जिंकली, दुसऱ्या वेळी सव्वीस वर्षांची. या बाया होत्या. लातिनिना तर मधल्या काळात आईही झाली होती. त्यांचं शिखर दोन वर्षांचं नव्हतं. एक ऑलिम्पिक हुकलं असतं तरी पुढचं होतं.

बदललं ते 1972 नंतर. म्युनिकमध्ये सतरा वर्षांच्या ओल्गा कोर्बुटला टीव्हीवर जगाने डोक्यावर घेतलं. चार वर्षांनी चौदा वर्षांची नादिया आली. गंमत म्हणजे दोघींनी ज्या तऱ्हेने प्रेक्षकांना वेड लावलं, त्यातून व्यवस्थेने एकच धडा घेतला: मुली लहान हव्यात. मग सहा-सात वर्षांच्या मुली निवडायच्या, त्यांना क्रीडाशाळेत घालायचं, वजन रोज मोजायचं, आणि अंग भरायच्या आत त्यांच्याकडून सगळं काढून घ्यायचं. किमान वयाची अट 1981 मध्ये चौदावरून पंधरा आणि 1997 मध्ये सोळा झाली. पण अट वाढली तसे खोटे जन्मदाखलेही वाढले. बिचेरोव्हाचं 1981 सालचं ‘पंधरा’ वय तेव्हाही अनेकांच्या गळी उतरलं नव्हतं. दोन वर्षांचं शिखर ही निसर्गाची देन कमी आणि त्या पद्धतीची निर्मिती जास्त होती. मुली भरपूर होत्या. एक संपली की दुसरी.

या पद्धतीच्या आत एका माणसाचं काय होतं, ते मुखिनाच्या गोष्टीत दिसतं. तिच्याबद्दल थोडं सावकाश सांगतो.

एलेना मुखिना मॉस्कोची. आई लहानपणी गेली, आजीने वाढवलं. मिखाईल क्लिमेन्को या पुरुष जिम्नॅस्ट घडवणाऱ्या प्रशिक्षकाकडे ती गेली, तेव्हा ती चारचौघींसारखी होती. त्याने तिला पुरुषांच्या तोडीची अवघड कौशल्यं शिकवायला घेतली. 1978 ला स्ट्रासबुर्गमध्ये ती जगज्जेती झाली. त्या स्पर्धेत कोमानेची चौथी आली. फ्लोअरवर दुहेरी कोलांटीत पूर्ण गिरकी घालणारी जी उडी तिने मारली, तिला नियमपुस्तकात आजही मुखिनाचं नाव आहे. 1979 मध्ये तिचा पाय मोडला. ऑलिम्पिक मॉस्कोतच, दाराशी येऊन ठेपलेलं. पाय पुरता भरून यायच्या आत तिला पुन्हा सरावाला उभं केलं गेलं.

आणि त्या सरावात एक नवं कौशल्य होतं: थॉमस साल्टो. कर्ट थॉमस हा अमेरिकन पुरुष खेळाडू ते करायचा. मागे उसळी घ्यायची, हवेत गिरकी घेत जवळपास पावणेदोन कोलांट्या पूर्ण करायच्या, आणि पायांवर उतरायचंच नाही. हातांवर येऊन खांद्यांवरून पुढे लोळत जायचं. उसळीत उंची पुरेशी मिळाली तर ठीक. उंची चार बोटं कमी पडली, की हातांच्या आधी जमीन गाठतं ते डोकं. ही उंची द्यायची असते पायांनी, आणि मुखिनाचा एक पाय तर नुकताच जुळत होता. ही उडी आपल्या जिवावर बेतेल हे तिने प्रशिक्षकाला सांगून पाहिलं होतं. 3 जुलै 1980 रोजी मिन्स्कमध्ये ऑलिम्पिकपूर्व शिबिरात ती हनुवटीवर आदळली. मान मोडली. गळ्याखालचं शरीर कायमचं गेलं. ती वीस वर्षांची होती, आणि ऑलिम्पिक सोळा दिवसांवर.

त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार तिने पुढे एका मुलाखतीत सांगितला आहे: सुटले, आता ऑलिम्पिकला जावं लागणार नाही. खेळाच्या इतिहासात याहून मोठा आरोपपत्राचा कागद मला तरी माहीत नाही. बाहेरच्या जगाला या अपघाताची धड बातमी बराच काळ कळू दिली नाही. 1983 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला ऑलिम्पिक सन्मान दिला. ज्या ऑलिम्पिकला ती जाऊ शकली नाही, त्याचाच. तिने पुढली सव्वीस वर्षं अंथरुणात काढली आणि 2006 च्या डिसेंबरात ती गेली. लोळत उतरायच्या त्या उड्या महिलांच्या नियमांतून आधी आणि पुरुषांच्या नियमांतून फार नंतर हद्दपार झाल्या.

मुखिनाला कुणी ‘पुढे काही न झालेली’ म्हणणार नाही, तिच्यावर लोक हळहळतात. पण माझ्या मते ती आणि मोस्तेपानोव्हा एकाच गोष्टीच्या दोन टोकांवर आहेत. ठरलेल्या तारखेला तयार असलंच पाहिजे, हा आग्रह एकीच्या शरीराला सोसवला नाही. दुसरी तयार होती, तर तारीखच रद्द झाली. दोघींच्याही बाबतीत त्या तारखेबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

हे विचारलं गेलं तर काय होतं, याची उदाहरणं आता आपल्यासमोर आहेत. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना 1992 ला बार्सिलोनात पहिल्यांदा ऑलिम्पिक खेळली आणि 2021 ला टोकियोत आठव्यांदा, तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. तिच्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, उपचार जर्मनीत होते, आणि पैशांसाठी तिला खेळत राहणं भाग होतं. 2008 ला बीजिंगमध्ये जर्मनीसाठी तिने व्हॉल्टवर रौप्य मिळवलं, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. तिच्या आणि मोस्तेपानोव्हाच्या शरीरात असा काय मूलभूत फरक होता? कदाचित काहीच नाही. फरक हा, की चुसोवितिना किती उड्या मारायच्या आणि कधी थांबायचं, हे स्वतः ठरवत होती. साधनंही बदलली. बार्स लांब सरकले, म्हणून उंच मुलींना झोक्याला जागा मिळाली. स्वेतलाना होर्किना तिच्या काळातल्या जिम्नॅस्टच्या मानाने खूप उंच, आणि ती तीनदा जगज्जेती झाली. व्हॉल्टचा जुना घोडा जाऊन 2001 मध्ये रुंद टेबल आलं. सिमोन बाइल्सने 2021 ला टोकियोत हवेतलं भान सुटतंय असं लक्षात येताच मधूनच माघार घेतली. तिच्यावर टीका झाली, तिला काहींनी भित्री म्हटलं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये ती सत्तावीस वर्षांची असताना पुन्हा वैयक्तिक विजेती झाली, आणि 1952 च्या गोरोखोव्हस्कायानंतरची सगळ्यात वयस्क विजेती ठरली. मिन्स्कमधल्या त्या दिवशी मुखिनाला असं थांबता आलं असतं तर, हा प्रश्न मी विचारत नाही. सोव्हिएत व्यवस्थेत तो विचारण्यासारखा नव्हताच.

तरीही चार वर्षांतून एकदा बघायची आपली सवय काही सुटलेली नाही. आपल्याकडे पाहा. 1964 नंतर भारताचा एकही जिम्नॅस्ट ऑलिम्पिकला गेला नव्हता. 2010 मध्ये अलाहाबादच्या आशिष कुमारने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि कांस्य, मग ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. आशियाई स्पर्धांतलं भारतीय जिम्नॅस्टिक्सचं ते पहिलं पदक. त्यानंतरची वर्षं महासंघातल्या भांडणांत आणि मान्यतेच्या वादात गेली, आणि त्याच्या उमेदीच्या काळात ऑलिम्पिकची वाट उघडलीच नाही. किती जणांना त्याचं नाव आठवतं? मला विचाराल तर, त्याच्या शहरातही हे नाव सांगून पाहावं लागेल.

दीपा कर्माकरचं मात्र नाव सगळ्यांना माहीत आहे, कारण रिओ. ऑगस्ट 2016, व्हॉल्टची अंतिम फेरी, 15.066 गुण, चौथा क्रमांक. कांस्यपदक पंधरा शतांश गुणांनी हुकलं. रात्री उशिरापर्यंत जागून मराठी घरांतली माणसं तिच्या उडीचं नाव, ‘प्रोदुनोव्हा’, म्हणत होती. ज्या एलेना प्रोदुनोव्हाचं हे नाव, ती रशियन मुलगी सिडनीत एक सांघिक रौप्य आणि बीमवरचं कांस्य एवढंच घेऊन घरी गेली, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दीपाला खेलरत्न मिळालं. मग 2017 मध्ये तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, मध्ये उत्तेजक चाचणीत सापडल्यामुळे निलंबनही झालं. टोकियो हुकलं, पॅरिस हुकलं. 2024 च्या ऑक्टोबरात तिने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा ‘रिओनंतर तिचं काही झालं नाही’ हे वाक्य मी माझ्या आसपास दोन-तीनदा तरी ऐकलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ताश्कंदमध्ये तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टवर सुवर्णपदक मिळवलं होतं. तोवर कुठल्याही भारतीय जिम्नॅस्टला तिथे सुवर्ण मिळालं नव्हतं. तेव्हा ती तीस वर्षांची होती.